जुन्नर : शिलाक्षरें आणि कागद

जुन्नर येथील लेण्यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख एकत्र प्रसिद्ध केले, त्यांत जुन्नरचे लेख आहेत. पुढें १८८५ सालच्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत लेण्यांचीं मोजमापें व वर्णनें आलीं. तेव्हां एकादा नवा लेख उजेडांत आणीत आहों असा आमचा दावा नाहीं. गेल्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां आम्हीं जुन्नरच्या परिसरांत कांहीं दिवस काढले, छापील वाचनें हातीं घेऊन मूळ अक्षरांशीं तीं ताडून पाहिलीं, आणि त्या वेळीं एक विचार मनांत आला. तो कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या वाचकांपुढें ठेवावा, एवढ्याच हेतूनें हें टिपण लिहीत आहों. तो विचार असा कीं, शिळेवरील अक्षर आणि कागदावरील अक्षर या दोन साधनांपैकीं कोणतें कोठें खरें ठरतें व कोठें मुकें राहतें, याची पारख एकाच फेरींत करून पाहावयाची असेल तर जुन्नरइतकें सोयीचें ठिकाण आमच्या माहितींत दुसरें नाहीं.

गांव लहान आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ५६ मैलांवर, कुकडी नदीच्या कांठीं, चहूंकडून डोंगरांनीं वेढलेलें हें तालुक्याचें ठिकाण नाशिकच्या हमरस्त्यावरील नारायणगांवाहून फुटणाऱ्या वाटेनें गांठतां येतें. २०१८ सालीं सरकारनें जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला व २०२५ सालीं शिवनेरीचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. त्यामुळें सुटीच्या दिवशीं येथें गर्दी असते. परंतु भोंवतालच्या डोंगरांच्या पोटांत खोदलेल्या दोनशेंहून अधिक लेण्यांपैकीं त्या गर्दीचे पाय लागतात तीं लेणीं फारच थोडीं.

नांवाची व्युत्पत्ति 'जीर्णनगर' अशी सांगण्याचा प्रघात आहे. ग्रीक ग्रंथकारांनीं वर्णिलेलें 'तगर' तें हेंच, असें पंडित भगवानलालांसारख्या साक्षेपी विद्वानासहि एके काळीं वाटलें होतें. पुढें फ्लीट यांनीं तगर म्हणजे मराठवाड्यांतील तेर होय हें दाखविलें व तें मत मान्य झालें. ही गोष्ट आरंभींच सांगण्याचें कारण इतकेंच कीं, गांवाचें वैभव डोळ्यांनीं दिसूं लागलें म्हणजे त्यास एकादें प्रसिद्ध नांव जोडण्याचा मोह मोठमोठ्यांसहि आवरत नाहीं. जुन्नरास असल्या उसन्या नांवाची गरज नाहीं.

पहिल्या दिवशीं आम्ही लेण्याद्रीस गेलों. गांवाच्या उत्तरेस, कुकडी ओलांडून तीन मैलांवर हा डोंगर आहे. सुमारें तीनशें पायऱ्या चढून गेल्यावर लेण्यांची ओळ लागते, व त्यांतील सर्वांत मोठ्या विहारांत गिरिजात्मज गणपतीचें देवस्थान आहे. अष्टविनायकांपैकीं हें एक. मंडपाची लांबीरुंदी पन्नास फुटांहून अधिक असून आंत एकहि खांब नाहीं. तीन बाजूंस भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत. यात्रेकरूंच्या मनांत तो पार्वतीच्या तपश्चर्येचा डोंगर आहे. संशोधकाच्या वहींत तो बौद्ध विहार आहे. या दोहोंत तंटा लावण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. लेणें कोणी खोदलें हें अक्षरांनीं व घडणीनें ठरावयाचें. तें पुढें कोणी झाडलें, दिवा लावून कोणी जागें ठेविलें, हें परंपरेनें कळावयाचें. दोन्ही इतिहासच आहेत. मात्र एकाचा पुरावा दुसऱ्याच्या जागीं वापरूं नये.

शेजारच्या चैत्यगृहावरील लेख एका ओळीचा आहे. कल्याण येथील हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा किंवा खजिनदाराचा, पुत्र सुलसदत्त यानें हें चैत्यगृह दिलें, एवढेंच तो सांगतो. राजाचें नांव नाहीं, वर्ष नाहीं, स्तुति नाहीं. तरी या ओळींत 'कल्याण' हा एक शब्द आहे आणि तो पुष्कळ बोलतो. खाडीवरील बंदरांतला एक धनिक घाटमाथ्यावर येऊन डोंगर कोरवितो, याचा अर्थ बंदर आणि गांव यांच्यामध्यें चालती वाट होती. त्या वाटेचा माग पुढें नाणेघाटांत लागतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं गांवाच्या पश्चिमेकडील तुळजा लेणीं पाहिलीं. येथें एका लेण्यांत देवीची स्थापना झाल्यामुळें सगळ्या गटास तिचें नांव पडलें. येथील वर्तुळाकार चैत्यगृह मात्र पाहण्यासारखें आहे. मध्यें स्तूप, त्याभोंवतीं बारा साधे अठपैलू खांब, आणि वर घुमटाकार छत. कोरीव काम नाहीं, मूर्ति नाहीं. कांहीं लेण्यांचे दर्शनी भागहि कोसळून गेले आहेत. अक्षराचा आधार नसला म्हणजे घडणीवरून काळ ठरवावा लागतो, व तो शतकाशतकाच्या अंतरानेंच ठरवितां येतो. येथें उभें राहिलें म्हणजे सुलसदत्ताच्या त्या एका ओळीची किंमत कळते.

दुपारनंतर गांवाच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर गांठला. येथें लेण्यांचे तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. हीं सारीं नांवें मागाहूनचीं. अंबिकेचें नांव तर बौद्ध लेण्यांत पुढें कोरल्या गेलेल्या जैन मूर्तीवरून पडलें. कड्याला आग्या मोहोळें लोंबत होतीं. बरोबर आलेल्या वाटाड्यानें विडी ओढूं नये, मोठ्यानें बोलूं नये, अंगास अत्तर लावलें असेल तर वरती चढूंच नये, असें आधींच बजाविलें. त्यामुळें येथील वाचन कुजबुजत करावें लागलें. उन्हें कलतीं झाल्यावर तिरपा प्रकाश पडला आणि जी अक्षरें दुपारीं दिसेनात तीं उठून दिसूं लागलीं. लेख ताडून पाहूं इच्छिणाऱ्यानें ही वेळ साधावी.

मानमोडीवरील दोन लेखांचा येथें विशेष उल्लेख करितों. पहिला भीमाशंकर गटांतील. राजा महाक्षत्रप स्वामी नहपान याचा अमात्य, वत्स गोत्री अयम, यानें पाण्याचें टांकें व मंडप दिल्याचें त्यांत असून वर्ष ४६ स्पष्ट आहे. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत ४१, ४२ व ४५ हीं वर्षें येतात, आणि तेथें नहपानास नुसतें 'क्षत्रप' म्हटलें आहे. म्हणजे त्याच्या पदवींत पडलेला फरक आपणांस कळतो तो या एका लेखावरून. त्याच्या राज्याचें शेवटचें ज्ञात वर्ष येथेंच मिळतें. एका अमात्यानें वाटसरूंच्या व भिक्षूंच्या तहानेसाठीं खोदविलेल्या टांक्याजवळची ही ओळ झिजली, किंवा कोणी आपलें नांव तीवर खरडलें, तर पश्चिम क्षत्रपांच्या इतिहासांतील एक पायरी कायमची निखळेल.

दुसरा लेख अंबा-अंबिका गटांतला. अडुथुम नांवाच्या एका शक उपासकानें कोणाचिक श्रेणीकडे जमिनीचें दान ठेविलें. वडालिका येथील वीस निवर्तनें करंजाचीं झाडें लावण्यासाठीं, आणि कटपुटक येथील नऊ निवर्तनें वडाचीं झाडें लावण्यासाठीं. परदेशांतून आलेल्या कुळांतला मनुष्य येथील भूमि येथील श्रेणीच्या हवालीं करितो, आणि मागतो काय, तर झाडें. श्रेणी म्हणजे त्या काळच्या पेढ्याच होत. बुरूड, कांसार व धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेखहि जुन्नरच्या लेखांत आहेत. करंज आणि वड या खोऱ्यांत आजहि दिसतात. डोंगर उतरतांना वाटेवरच्या एका करंजाखालीं आम्ही बसलों, तेव्हां तो लेख पुन्हां एकदां वहींतून वाचला.

भूतलिंग गटांतील चैत्यगृहाच्या दर्शनी कमानींत गजलक्ष्मी कोरलेली आहे, आणि तो दर्शनी भाग चंद नांवाच्या यवनानें दिला आहे. शिवनेरीच्या लेण्यांत आणखी दोन यवन भेटतात: इरिल यानें दोन टांकीं दिलीं, चित यानें संघासाठीं भोजनमंडप दिला. कल्याणचा सुवर्णकारपुत्र, नहपानाचा अमात्य, शक उपासक, तीन यवन आणि नाना धंद्यांच्या श्रेणी: या लहानशा गांवाच्या डोंगरांवर एवढीं माणसें नांवानिशीं उभीं आहेत. त्यांच्यापैकीं बहुतेकांची नोंद दुसऱ्या कोठल्याहि पोथींत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं शिवनेरी. गडाच्या पूर्व व दक्षिण अंगांच्या कड्यांत लेणीं आहेत. त्यांतील एक चैत्यगृह वीरसेनक नांवाच्या प्रमुख गृहपतीनें सर्व लोकांच्या हितसुखासाठीं दिलें आहे. तेथून वर गडावर गेलों. येथें मात्र शिळा मुकी होते. ज्या एका घटनेसाठीं महाराष्ट्र शिवनेरीस वंदन करितो, तिचा दिवस गडाच्या दगडावरून निश्चित करितां येत नाहीं. तो कागदानें ठरविला. बखरींवरून चालत आलेली शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया पुष्कळ वर्षें प्रमाण मानली जात होती. कारीच्या जेधे घराण्यांत निघालेली शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली आणि तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आढळली. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस तो. पुढें १९२७ सालीं परमानंदाचें शिवभारत छापून निघालें, व त्यानेंहि हीच तिथि पुरविली. एका देशमुखाच्या घरीं चार पानें कोणीतरी जतन केलीं नसतीं, तर आजहि आपण भलत्याच दिवशीं उत्सव करीत राहिलों असतों.

येथवर कागदाची बाजू झाली. तिच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर नाणेघाटांत जावें. जुन्नरच्या पश्चिमेस सुमारें २० मैलांवर सह्याद्रीची कड तुटते आणि कोंकण एकदम पायांखालीं दिसतें. वाट हिरड्याच्या झाडांमधून जाते. हिरडा वेंचणें हा या भागांतील महादेव कोळी लोकांचा जुना व्यवसाय आहे. कातडें कमावण्यास आणि काळी शाई करण्यास तो उपयोगी पडतो. घाटाच्या तोंडाशीं दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असत, असें लोक सांगतात. जवळच तें प्रसिद्ध लेणें. हें भिक्षूंसाठीं खोदलेलें नव्हे. भिंतींवर सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. त्यांत अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा, गाई, घोडे, कार्षापण, यांची जंत्री आहे. एका दक्षिणेचा आंकडा २४,४०० कार्षापण असा आहे. अंकचिन्हांच्या इतिहासांतहि या लेखाचें स्थान फार वरचें आहे.

मागल्या भिंतीवर राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वरतीं त्यांचीं नांवें. राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा श्रीसातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुश्री, कुमार सातवाहन. चेहरा कोणाचाच नाहीं. ज्या शिल्पकारानें चेहरे घडविण्यास महिनेच्या महिने खर्चिले असतील, त्याचें सारें काम गेलें. ज्यानें वर दोन दोन शब्द खोदले, त्याचें राहिलें.

पोथ्या जमविणाऱ्यांस यांतील पहिलें नांव महत्त्वाचें वाटेल. पुराणांच्या हस्तलिखितांत या वंशाच्या मूळ पुरुषाचें नांव कोठें शिशुक, कोठें सिंधुक, कोठें शिप्रक असें येतें. नकलेवरून नक्कल करतांना लेखकांनीं अक्षर न ओळखून आपल्या समजुतीप्रमाणें तें सुधारलें, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर खरें नांव दूर गेलें. शेंकडों पोथ्या एकत्र केल्या असत्या तरी 'सिमुक' हें रूप निश्चयानें हातीं आलें नसतें. तें नाणेघाटाच्या भिंतीनें दिलें. उलट, पुराणांच्या त्या अशुद्ध याद्या नसत्या तर हा सिमुक कोणत्या वंशांतला कितवा, हें एकट्या भिंतीवरून सांगतां आलें नसतें. शिवनेरीवर कागदानें शिळेची उणीव भरून काढली; नाणेघाटांत शिळेनें कागद शुद्ध केला.

आणि कागद म्हटला म्हणजे पुन्हां जुन्नरासच यावें लागतें. आपल्या संग्रहांतील जुन्या दप्तरांत 'जुन्नरी कागद' हा शब्द ज्यांच्या पाहण्यांत आला नसेल असे वाचक थोडेच असतील. हातकागद करणाऱ्या मुसलमान कागदी मंडळींची येथें वस्ती होती. चिंध्या, गोणपाट व रद्दी कुजवून, कुटून, धुऊन त्यांचा लगदा हौदांत कालवावयाचा, बारीक काड्यांच्या जाळीवर तो उचलून ताव पाडावयाचा, भिंतीवर वाळवून खळ द्यावयाची व गुळगुळीत दगडानें घोटावयाचा, अशी या धंद्याची सर्वसाधारण रीत असे. गिरणीच्या कागदापुढें हा धंदा टिकला नाहीं. गांवांतील एका गृहस्थांनीं आम्हांस आपल्या घरचा मोडी कागदांचा रुमाल सोडून दाखविला. कडा वाळवीनें खाल्ल्या होत्या. मधला घोटीव भाग मात्र अजून चमकत होता. "आम्हांस वाचतां येत नाहीं, पण वडिलांनीं ठेविला म्हणून आम्हींहि ठेविला," असें ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यांत किंचित् संकोच होता.

त्या संकोचाचें कारण नाहीं, हें सांगण्यासाठींच आम्ही हें टिपण लिहीत आहों. कर्नल साइक्स यांनीं जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या नकला लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८३७ सालीं प्रसिद्ध केल्या. ब्राह्मी लिपीचा उलगडा प्रिन्सेप यांच्या हातून पुरा होत होता तो याच सुमारास. म्हणजे साइक्स डोंगरांतून हिंडून जीं अक्षरें उतरून घेत होते, त्यांतील एकहि त्यांस वाचतां येत नव्हतें. त्यांच्या नकलांत चुका आहेत. त्या पुढें भगवानलाल, बर्जेस व ब्यूलर यांनीं दुरुस्त केल्या. परंतु कोणत्या सालीं अक्षर कसें दिसत होतें याची ती पहिली साक्ष आहे, व तिचें मोल अर्थ कळण्यावर अवलंबून नाहीं. न वाचतां आलेलें जतन करणें हें वाचण्याइतकेंच संशोधनाचें काम आहे. मात्र जेध्यांच्या घरची शकावली आणि साइक्सची वही यांच्या भाग्यास जें आलें, तें प्रत्येक रुमालाच्या भाग्यास येतेंच असें नाहीं.

यास्तव दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, जुन्नरच्या लेण्यांतील प्रत्येक लेखाचें छायाचित्र तिरप्या प्रकाशांत, तारीख घालून, ठराविक वर्षांच्या अंतरानें घेतलें जावें. आधींचें वाचन प्रसिद्ध आहे म्हणून नवी प्रत अनावश्यक ठरत नाहीं. कोणतें अक्षर केव्हां गेलें हें सांगणारी ती एकच नोंद. दुसरी, जुन्नर व भोंवतालच्या गांवांतून घरोघरीं असलेल्या मोडी रुमालांची यादी करावी. रुमाल मालकाकडेच राहोत. नुसती पानें मोजून, कागद कसा आहे व पहिलें पान कशानें सुरू होतें एवढें टिपलें आणि त्यांचीं छायाचित्रें घेतलीं, तरी पुढच्या पिढीचें काम सुरू होईल.

परत निघण्याच्या दिवशीं सायंकाळीं मानमोडीकडे नजर गेली. ऊन तिरपें झालें होतें. अयमाच्या टांक्याजवळचीं अक्षरें त्या घटकेस दिसूं लागलीं असतील. दिवसाकाठीं तासभर तीं वाचतां येतात. तेवढ्यांत वाचून घेणें आपल्या हातीं आहे.